खांबाजवळची शीळ

६ ऑगस्ट, गुरुवार

आज जंगल लागलं एकदाचं. संगणकवाले सर तारांशी झटत होते तोवर सातवीच्या वर्गाने बाजार मांडला होता. पडद्यावर हिरवा रंग आला तसे सगळे गप्प झाले. मोठ्या बाईंचं म्हणणं आहे की प्रकल्पाची नोंद शाळेच्या वहीत ठेवावी. ती ठेवीन, शहाण्यासारखी. ही वही माझी, हिच्यात मनात येईल ते.

प्रकल्प असा आहे. लांबच्या एका वर्षावनात संशोधन केंद्र आहे. तिथली शास्त्रज्ञ दर गुरुवारी पडद्यावरून आमच्या मुलांना जंगलात फिरवणार. मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत तिची जंगलताई करून टाकली. बाकीच्या दिवशी मुलांना काम आहे. जंगलात ठिकठिकाणी खांब उभे केलेत, त्यांच्यावरचे माइक सतत आवाज टिपतात आणि त्याचे छोटे छोटे तुकडे आमच्याकडे येतात. ऐकायचं आणि खूण करायची: पक्षी, कीटक, प्राणी, पाऊस, माणूस किंवा माहीत नाही. तुकडे ढिगाने आहेत आणि केंद्रातल्या माणसांचे कान पुरत नाहीत, म्हणून आमचे उसने घेतले.

ओढ्याजवळच्या खांबावर कॅमेरा आहे आणि एक छोटा कर्णाही आहे, कारण ताई तिथे उभी राहून मुलांशी बोलते. तास संपला तरी त्या खांबाचं चित्र आणि आवाज आमच्या वर्गात चालू राहतो. फक्त आमच्याकडचा माइक बंद करायचा. ताईने हा नियम दोनदा सांगितला. जंगलाचं आपण ऐकायचं, त्याला आपलं ऐकवायचं नाही. तिथली पाखरं आपले आवाज उचलतात आणि मग सगळं काम नासतं.

मोठ्या बाईंनी विचारलं, इतकी केंद्रं होती, हेच का घेतलंत? मी म्हटलं, अभ्यासक्रमात बसतं. बसतंच.

१० ऑगस्ट, सोमवार

खुणा करायला सुरुवात. एकाने किड्यांच्या आवाजापुढे ‘मिक्सर’ असं लिहून पाठवलं. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला सगळे प्रश्न्या म्हणतात. त्याने विचारलं की भुताचा आवाज आला तर कुठली खूण करायची. मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, तुम्हाला माहीत नाही का ती खूण माहीत नाही? वर्ग हसला. मीही हसले असते, पण एकदा हसलं की ही पोरं डोक्यावर बसतात.

घरी आले तर आई दादाच्या खोलीत शिवत बसली होती. शिलाई मशीन तिने जूनमध्येच तिथे हलवलं, त्या खिडकीत उजेड चांगला येतो म्हणून. मला बरं वाटलं का वाईट, ते अजून कळलेलं नाही.

दादा याच केंद्रात काम करायचा. सहा वर्षांपूर्वी भर पावसात खांब बघायला गेला आणि परत आला नाही. ओढ्याला पाणी फार होतं. शोधून शोधून थकले, काही सापडलं नाही. आम्ही दोघी घरात त्याविषयी बोलत नाही. शाळेने कुठलं जंगल घेतलंय हेही मी आईला सांगितलेलं नाही. उगाच कशाला.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

मुलांनी केंद्राच्या संकेतस्थळावर जाऊन तिथे आजवर काम केलेल्या सगळ्यांचे फोटो पाहिले म्हणे. अभ्यास सोडून वाटेल ते करतील. मी ते पान कधी उघडलेलं नाही, आमच्या शाळेत फोटो उघडायला फार वेळ लागतो.

प्रश्न्याने सगळ्यांदेखत विचारलं, “बाई, तुम्हाला भाऊ आहे का?” मी म्हटलं, आहे, आणि बाकावर नीट बस. तो बसला. एरवी इतक्या लवकर कधी ऐकत नाही.

१८ ऑगस्ट, मंगळवार

अक्षर वाईट येतंय.

वर्गात एक उंच मुलगी आहे, तिला शिडी म्हणतात. कान तिचा सगळ्यांत चांगला. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाई, हे कशात टाकू? मी हेडफोन लावला. ओढ्याच्या पाण्याचा आवाज, किडे, आणि मग शीळ. तीन सूर, तिसरा खाली घसरणारा.

दादा खाली रस्त्यावरून अशीच घालायचा. शाळेतून आला, कॉलेजातून आला, कधीही आला तरी आधी ही शीळ. मी खिडकीतून उत्तर द्यायचे, दोन सूर, चढते. आई वैतागायची. तिसरा सूर त्याला कधी धड लागला नाही, आणि नंतर त्याने तो तसाच ठेवला. दुसऱ्या कुणाला तो तसा चुकवता येईल असं मला वाटत नाही.

तुकडा गेल्या आठवड्यातला होता. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. शिडी बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी हेडफोन काढला आणि म्हटलं, माणूस. माणूस म्हणून टाक.

२० ऑगस्ट, गुरुवार

तासाच्या वेळी ताईला विचारलं, तुमच्याखेरीज जंगलात कुणी राहतं का? ती म्हणाली नाही. मी म्हटलं, शीळ ऐकू आली. तिने विचारलं, कुठल्या खांबाची? मी म्हटलं, ओढ्याजवळच्या. ती म्हणाली, आवाज तुटतोय. चित्र तर स्वच्छ होतं, तिच्या टोपीवरचा कोळीसुद्धा दिसत होता. ही माणसं काहीतरी लपवताहेत.

तेवढ्यात प्रश्न्याने विचारलं की पाखरं माणसाची नक्कल करतात का, आणि शिडीने त्याला बाकाखालून लाथ मारली. चांगली सणसणीत. मी दोघांनाही बाहेर उभं केलं. त्या गोंधळात उत्तर राहून गेलं आणि तास संपला.

शिडीसारख्या शांत मुलीने अशी लाथ का मारावी, हे मला अजिबात समजलेलं नाही.

२६ ऑगस्ट, बुधवार

मधली सुट्टी होती. वर्ग रिकामा, पडद्यावर ओढा. मी माइक चालू केला. नियम मला माहीत होता. दोन सूर घातले. इतक्या वर्षांनी ओठ साथ देईनात, वरचा सूर फाटला.

काही झालं नाही. पानं हलत होती. एक काळा, लांब शेपटीचा पक्षी कॅमेऱ्यापुढच्या तारेवर येऊन बसला आणि त्याच्या शेपटीमुळे पलीकडचं काही दिसेना. मी पुन्हा शीळ घातली.

आणि उत्तर आलं. तीन सूर. इतक्या जवळून की तो खांबाला टेकून उभा असावा. पडद्यावर मात्र तीच मेली शेपटी. ती हलली असती तर मला तो दिसला असता.

घंटा झाली तेव्हा मी रडत होते. पोरं आत आली आणि कुणी काही विचारलं नाही.

२ सप्टेंबर, बुधवार

रोज जाते. रोज उत्तर येतं, कधी लगेच, कधी सुट्टी संपता संपता. तो समोर का येत नाही? काही दुखापत झाली असेल. माणसांची भीती बसली असेल. केंद्रातल्या लोकांशी त्याचं काही बिनसलं असेल. मी सातवीला शिकवते की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. म्हणून तर रोज शीळ घालते.

तो पक्षी पिच्छा सोडत नाही. मी शीळ घातली की हजर. दादाच्या आणि माझ्या मध्येच येऊन बसतो.

कधी कधी वाटतं, मला वेड लागलंय. मग शीळ येते आणि तसं वाटायचं थांबतं.

६ सप्टेंबर, रविवार

आईला सांगून टाकलं. सांगायचं नव्हतं. भाजी चिरत होते, मागून शीळ आली आणि मी उत्तर दिलं. कुकरची शिट्टी होती. आई ओट्याजवळ उभी होती, तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. म्हणाली, “तू कुणाला उत्तर दिलंस?”

मग सगळं सांगितलं. तिने मला एकदाही मध्ये थांबवलं नाही. नंतर फक्त विचारलं की आवाज आजारी माणसासारखा येतो का. मी म्हटलं, नाही, खणखणीत येतो.

दुपारी ओढण्याचा आवाज आला म्हणून बघायला गेले. गुडघे दुखतात म्हणून पाण्याची बादली न उचलणारी बाई एकटी शिलाई मशीन दादाच्या खोलीबाहेर ढकलत होती. पुन्हा जिथे अंधार पडतो त्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मी एका बाजूने धरलं.

तिच्या तोंडावर जे होतं ते सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला. भीतीही वाटली.

१० सप्टेंबर, गुरुवार

वर्ग अचानक फार गुणी झालाय. गृहपाठ वेळेवर, दंगा नाही. मधल्या सुट्टीत शिडी आणि प्रश्न्या वर्गाच्या दाराबाहेर उभे असतात. म्हटलं, जा, खेळा. तर म्हणे उन्हाचा त्रास होतो. आज आभाळ भरून आलं होतं. मोठ्या बाई फेरी मारत आल्या तर प्रश्न्याने त्यांना गाठून परीक्षेविषयी इतके प्रश्न विचारले की त्या तिथूनच मागे फिरल्या. या मुलाला कधी कुणाचे कान खावेत ते कळत नाही.

शिळेचे तुकडे आता माझ्याकडे येत नाहीत. शोधले तर सापडले. सगळे शिडीने ऐकलेत आणि सगळ्यांवर ‘माहीत नाही’ अशी खूण. बेडकांच्या चार जाती ओळखते आणि शीळ ओळखता येत नाही? मी तिला रागावले. ती खाली बघत राहिली आणि सॉरी बाई म्हणाली.

ताईने तासानंतर दोन मिनिटं थांबता का असं विचारलं. मला घाई आहे म्हटलं. ती दादाला जंगलातून बाहेर काढायचं म्हणेल. आधी मला त्याच्याशी नीट बोलायचंय, मग बघू.

२१ सप्टेंबर, सोमवार

आई म्हणते, सुट्टी लागली की आपण जाऊ. तू नुसती शीळ घालत बसलीस तर तो येणार नाही, लहानपणीही हाताला धरून आणावं लागायचं. तिने बॅग काढली आहे. त्याचा निळा स्वेटर धुऊन ठेवलाय, जंगलात गारठा असेल म्हणून. शेजारच्या काकूंना सांगितलं की मुलाचा ठावठिकाणा लागला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली.

आई जेवतेही आता नीट. कुठल्या तोंडाने थांबवू? आणि थांबवायचं तरी कशासाठी, तो आहे तर.

आज उत्तर आलं नाही. परवाही नव्हतं आलं.

१ ऑक्टोबर, गुरुवार

तास संपल्यावर ताईने मुलांना बाहेर पाठवायला सांगितलं. या वेळी विनंती नव्हती. मुलं गेली, शिडीने जाताना दार लावून घेतलं. ताई आज जंगलात नव्हती, केंद्रातल्या टेबलाशी बसली होती.

ती म्हणाली, डोंगरापलीकडे एक खांब आहे, ओढ्यापासून बराच लांब, तिथला हा परवाचा तुकडा. आणि तिने तो लावला.

तीन सूर, शेवटचा घसरलेला. त्याला लागून दोन सूर, चढते. मग पुन्हा तीन, पुन्हा दोन. हाक आणि उत्तर एकाच घशातून, मध्ये दम न घेता. वरचा सूर फाटत होता, माझा फाटतो तसाच.

ती म्हणाली, “पहिली शीळ आमच्याकडे सहा वर्षं आहे. दुसरी गेल्या महिन्यापर्यंत कुठेच नव्हती. ती कुठून आली, बाई?”

मी म्हटलं, “माझी आहे.”

मला वाटलं होतं ती भडकेल. ती नुसती डोळे चोळत बसली. मग तिने सांगितलं. त्या काळ्या पक्ष्याला केंद्रात नकल्या म्हणतात. ऐकेल ते उचलतो, दुसऱ्या पाखरांचं, कुऱ्हाडीचं, माणसांचं. दादा रोज सकाळी खांबाशी पोचला की शीळ घालायचा आणि कामाला लागायचा. तो नाहीसा झाल्यावर पहिल्यांदा शीळ आली तेव्हा हे सगळे वेड्यासारखे धावले होते. ओढ्याच्या दोन्ही काठांनी पुन्हा शोध घेतला. मग एक दिवस ताईच्या डोळ्यांसमोर, फांदीवर बसून, त्या पाखराने चोच उघडली.

“ज्यांनी त्याला ऐकलं ती पाखरं आता बहुतेक नसतील,” ती म्हणाली. “पिल्लं मोठ्यांकडून शिकतात. आता जी शीळ घालतात त्यांनी त्याला बघितलेलंही नाही.”

मी विचारलं, आम्हाला का कळवलं नाही. खरं तर ओरडलेच.

“काय कळवणार होतो? तुमचा मुलगा सापडला नाही, पण इथली पाखरं त्याची शीळ घालतात, असं?” ती म्हणाली. “तुमचं आडनाव बघूनच मी ओळखलं होतं. त्या दिवशी तुम्ही शिळेचं विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही.”

मी माफी मागितली. ओढ्याच्या खांबाचं या हंगामाचं काम फुकट गेलं, कर्णा आता काढून टाकणार. शाळेचे तास चालू राहतील, मुलांचा काही दोष नाही. मी विचारलं, माझे सूर त्या जंगलातून पुसले कसे जातील? ती म्हणाली, ते आता कुणाच्या हातात नाही. त्या तुकड्यात दोन नकल्ये आहेत, आधी मोठा घालतो आणि मागून यंदाचं पिल्लू तेच तसंच घालतं.

बाहेर आले तर शिडी एकटीच पायरीवर बसली होती. मी विचारलं, तुला माहीत होतं? तिने मान डोलावली. नकल्याच्या बाकीच्या आवाजांना लागूनच शीळ यायची, तिने तेव्हाच ओळखलं होतं. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

“तुम्ही मधल्या सुट्टीनंतर खूश असायचात,” ती म्हणाली.

मी तिला घरी जायला सांगितलं. मला तिच्याकडे बघवेना.

३ ऑक्टोबर, शनिवार

काल दिवसभर धीर झाला नाही. आज दुपारी आई बॅगेत काय काय भरायचं ते मोजत होती, तेव्हा तिला खाटेवर बसवलं आणि सांगितलं. नकल्याचं, पिल्लांचं, माझ्या मधल्या सुट्टीचं. दादा कधीच खांबाशी उभा नव्हता, हे सांगितलं. मला वाटलं, ती माझ्यावर तुटून पडेल. तुटून पडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ते राहू दे, आधी लाव.

ताईने तुकडा माझ्या फोनवर पाठवला होता. आईने फोन कानाला नाही लावला. उशीवर ठेवला आणि दाराकडे तोंड करून बसली.

तीन सूर. तिचा हात तोंडाशी गेला. मग माझे दोन. मग पुन्हा तीन. तुकडा संपला तरी ती हलेना, दाराकडेच बघत राहिली. म्हणाली, पुन्हा लाव. पुन्हा लावला. ती कशाची तरी वाट बघत होती आणि कशाची ते मला कळत नव्हतं.

“तू उत्तर दिलंस की तो जिना चढायला लागायचा,” आई म्हणाली. “दोन-दोन पायऱ्या गाळत. खालच्या आजी ओरडायच्या. तो दाराशी येईस्तोवर मी ताट वाढून ठेवायचे.”

मी म्हटलं, हो.

तिसऱ्यांदा लावला, आणि या वेळी संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होईल असा लावला, म्हणजे तिला सारखं सांगावं लागू नये. हाक, उत्तर. हाक, उत्तर. पलीकडे पाऊस आणि किडे, बाकी काही नाही.

“तो वर येत नाहीये गं,” आई म्हणाली.

“नाही, आई. गेला तो.”

तिने मान हलवली, हळू, बराच वेळ. मग रडायला लागली. सहा वर्षांत ती रडली नव्हती, म्हणून मीही तिच्यासमोर नव्हते रडले. आता मी तिला धरलं आणि दोघी रडलो, शेजारी ऐकू गेलं असेल, जाऊ दे. फोन बंद करायचं सुचलंच नाही. उशीवर तो हाक मारत होता आणि मी उत्तर देत होते.